घरच्या छोट्या ओटीजीत बेकन कसं करता? (मागची टोकं करपतात, मधलं मऊ राहतं)

वाघबीळकर
नमस्कार मंडळी. आमच्याकडे रविवारच्या नाश्त्याला बेकन आणि अंडी हा बेत मुलांनी ठरवून टाकलाय. इतके दिवस तव्यावर करत होतो. पण चौघांसाठी करायचं म्हणजे घाण्यावर घाणे काढत बसावं लागतं. शेवटचा घाणा उतरेपर्यंत पहिला गार झालेला असतो, आणि ओटा, शेगडी, मागच्या टाइल्स सगळं ओशट. म्हणून ओटीजीकडे, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनकडे वळलो.

ओटीजी २८ लिटरचा आहे. वर-खाली रॉड आहेत, पंखा नाही. व्हिडिओंत जो तो सांगतो की गार ओव्हनमध्ये ट्रे ठेवा, २०० डिग्री लावा, २० मिनिटांनी काढा. आमच्याकडे तेवढ्या वेळात मागच्या बाजूची टोकं काळी होतात, मधला भाग लिबलिबीत राहतो आणि घरभर धूर होतो. स्वयंपाकघराची खिडकी घोडबंदर रोडवर उघडते, त्यामुळे ती उघडली की धूर जातो पण रस्त्याची धूळ आत येते. बेकन नेहमीचंच, डुकराच्या खारवलेल्या मांसाचं, गोठवलेल्या पाकिटातलं, पातळ कापांचं.

घरच्या लहान ओव्हनमध्ये हे नीट जमवलेलं कोणी आहे का? तापमान, वेळ, ट्रे कुठल्या खणात, सगळं सविस्तर सांगा. तव्यावर परत जायची इच्छा नाही.

बिडाचा_तवा
इच्छा नसली तरी सांगतो, तव्यावर परत जा. बिडाचा तवा गार असतानाच पट्ट्या मांडायच्या, वर दोन-तीन चमचे पाणी, मग मंद आच. पाणी आटेपर्यंत चरबी सुटायला लागते, शिंतोडे कमी उडतात आणि पट्टी स्वतःच्याच चरबीत खमंग होते. ओव्हनमध्ये तो खरपूसपणा येत नाही.

वाघबीळकर
@बिडाचा_तवा, पाण्याची युक्ती चांगली आहे, पण एका वेळी पाच पट्ट्या मावतात हा मूळ प्रश्न तसाच राहतो ना.

ऐरोली_फास्ट
ठाणे-वाशी लोकलमध्ये वाचतोय. डब्यात दोडका आहे. धागा जरा जपून चालवा.

नेरुळची_माई
वाघबीळकर, मी घरून केक आणि ब्रेडच्या ऑर्डरी घेते, ओटीजीशी रोजची गाठ आहे. तुमच्या प्रश्नाचं मूळ ओटीजीच्या रचनेत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

व्हिडिओंतले ओव्हन मोठे असतात. त्यांत खालचा रॉड बहुधा तळपत्र्याखाली दडलेला असतो आणि वरचा ट्रेपासून बराच लांब. आपल्या ओटीजीत दोन्ही रॉड उघडे, ट्रेपासून चार बोटांवर. गार ओव्हन सुरू केला की ठरवलेलं तापमान येईपर्यंत रॉड सलग लालबुंद असतात. म्हणजे तेवढा वेळ तुमचं बेकन हवेच्या उष्णतेवर भाजलं जात नाही, सरळ रॉडच्या धगीवर शेकलं जातं. टोकं तिथेच करपतात. एकदा ओव्हन तापला की थर्मोस्टॅट रॉड बंद-चालू करतो आणि धग सौम्य होते. म्हणून गार ओव्हनमध्ये ठेवायचा सल्ला मोठ्या ओव्हनला कितीही चांगला असो, ओटीजीत आधी प्रीहीटच करावं.

दुसरं म्हणजे मागची बाजू. दाराची काच उष्णता बाहेर टाकते, त्यामुळे पुढचा भाग नेहमी थोडा थंड राहतो. निम्म्या वेळात ट्रे काढून पुढची बाजू मागे करायची. बिस्किटांनाही मी हेच करते.

तापमान २०० नको, १८० लावा. आपल्याकडच्या पाकिटातले काप पातळ असतात. शिवाय ओटीजीच्या गोल बटणावरच्या आकड्याचा फार भरवसा धरू नका, दहा-वीस डिग्रीचा फरक सहज असतो. आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर मिळतो, तो घ्या. ट्रे मधल्यापेक्षा एक खण खाली.

आणि घड्याळापेक्षा पट्टीकडे बघा. सुरुवातीची सात-आठ मिनिटं ती नुसती घामेजते आणि कडेने पांढरट फेस येतो. बेकन खारवताना जे मिठाचं पाणी मांसात भरलेलं असतं ते आणि त्यातली प्रथिनं बाहेर येतात, खराब झालंय असं समजू नका. मग पांढरी चरबी काचेसारखी पारदर्शक दिसू लागते, कडा उचलतात, मोठे मोठे बुडबुडे येतात. हेच बुडबुडे बारीक होऊन पट्टीवर दाट फेस धरला की काढायची वेळ झाली. तेव्हा पट्टी वाकते, कडक नसते. जाळीवर टाकून दोन मिनिटं थांबलात की कुरकुरीत होते. ओव्हनमध्येच कुरकुरीत होईपर्यंत थांबलात तर बाहेर आल्यावर कडवट लागणार.

वाघबीळकर
माई, रॉडची गोष्ट लक्षातच आली नव्हती. येत्या रविवारी १८० वर प्रीहीट करून बघतो. पट्ट्या जाळीवर ठेवू की सरळ ट्रेवर?

पामबीच_पराठा
जाळीवर. चरबी खाली गळते, बेकन कोरडं आणि हलकं होतं.

नेरुळची_माई
पामबीच_पराठा, मी उलट सांगेन. जाळीवर पट्टी कोरडी होते हे खरं, पण ती सगळीकडून सारखी होत नाही. ट्रेवर ती स्वतःच्या चरबीत पडून असते, म्हणून एकसारखी तळली जाते. आणि जाळी घासणं हे वेगळं काम.

सुरक्षित_स्वयंपाक
जाळीचा विषय निघालाय तर एक गोष्ट कळकळीने सांगतो. ओटीजीसोबत येणारी जी लोखंडी जाळी असते तिच्यावर पट्ट्या थेट टाकून खाली नुसता चुऱ्याचा पत्रा ठेवायचा, असं काही जण करतात. अजिबात करू नका. तो पत्रा खालच्या रॉडच्या खाली असतो, म्हणजे गळणारी चरबी आधी तापलेल्या रॉडवर पडते. माझ्या मावसभावाकडे खारघरला असाच भडका उडाला होता. जाळी वापरायचीच असेल तर उभ्या काठाच्या ट्रेमध्ये ठेवून वापरा.

भडका उडालाच तर दार उघडू नका, हवा मिळाली की ज्वाळा वाढते. बटण बंद, प्लग बंद, दार बंदच. आतली हवा संपली की आपोआप विझतं. पाणी चुकूनही मारू नका, पेटलेल्या चरबीवर पाणी पडलं की ती उसळते.

आणि ओटीजी १६ अँपिअरच्याच सॉकेटला लावा. १५०० वॅटचा ओव्हन साडेसहा अँपिअर खेचतो. जुन्या इमारतींत ६ अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून लोक चालवतात आणि प्लग वितळतो.

मीटरवाले_काका
विजेचा हिशोबही मांडून ठेवतो, कारण ओव्हन महाग पडतो असं कोणीतरी म्हणणारच. १५०० वॅट, प्रीहीट धरून अर्धा तास, म्हणजे पाऊण युनिट. तेही रॉड पूर्ण वेळ चालू राहिले तर. थर्मोस्टॅट मधे मधे बंद करतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. गॅसवर घाण्यावर घाणे काढण्यापेक्षा फार काही वेगळं नाही.

लॅबवाली
कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे त्याने माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा अंदाज. बेकन त्यात आलंच. लहान मुलांना दर आठवड्याला द्यायचं का, हा विचार व्हायला हवा.

बिडाचा_तवा
म्हणजे सिगारेटच्या रांगेत बसवलं की हो बेकनला!

लॅबवाली
@बिडाचा_तवा, गट एक असला तरी धोका सारखा नाही. पुरावा किती पक्का आहे हे गटावरून कळतं, नुकसान किती होतं ते नाही. आणि १८ टक्के म्हणजे मुळात जो धोका असतो त्याच्यावर १८ टक्के. घाबरवायचं नाहीये मला. अधूनमधून खाणाऱ्याने सोडून द्यावं असंही म्हणत नाही.

धाग्याशी संबंध असलेला मुद्दा असा की भाजण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. बेकन खारवताना नायट्राइट घालतात. त्यानेच रंग गुलाबी राहतो, ती विशिष्ट चव येते आणि बोट्युलिझमचे जंतू वाढत नाहीत. हेच नायट्राइट मोठ्या आचेवर मांसातल्या घटकांशी मिळून नायट्रोसअमाइन, म्हणजे कर्करोगाला कारण ठरू शकणारी संयुगं, तयार करतं. काळंकुट्ट होईपर्यंत भाजलं की जास्त. अमेरिकेत म्हणूनच मिठाचं पाणी टोचून भरलेल्या बेकनमध्ये एस्कॉर्बेट किंवा एरिथॉर्बेट घालण्याचं बंधन आहे, त्याने हे प्रमाण घटतं. तेव्हा माईंनी सांगितलेलं १८० डिग्री आणि न करपवता काढणं चवीपुरतंच नाही, तब्येतीलाही बरं.

वाघबीळकर
@लॅबवाली, आभार. दर रविवारऐवजी महिन्यातून एखाद्या रविवारी करायचं असं घरात बोलणं झालं. मुलं थोडी हिरमुसली, पण ठीक आहे.

वरच्या_मजल्यावरून
मी मांसाहार करत नाही. तरी लिहितोय, कारण आमच्या खालच्या मजल्यावर बेकन होतं आणि डक्टमधून वास आमच्या बाथरूममध्ये येतो. कोणी काय खावं हे सांगणारा मी कोण. विनंती एवढीच की डक्टकडची झडप उघडून धूर तिकडे ढकलू नका. आमच्या आईला त्या वासाने मळमळतं. खालच्या कुटुंबाशी बोललो, ते आता चिमणी लावून पुढची खिडकी उघडतात. तेव्हापासून काहीच त्रास नाही, दिवाळीला फराळाची देवाणघेवाणही चालू आहे.

घंटाळी_रोड
वरच्या_मजल्यावरून, चांगल्या शब्दांत लिहिलंत. आमच्या सोसायटीत याच गोष्टीवरून सर्वसाधारण सभेत आवाज चढले होते. दार वाजवून बोलला असता तर पाच मिनिटांत मिटलं असतं.

धुराबद्दल सांगायचं तर अर्धा धूर बेकनचा नसतोच. आधीच्या भाजणीत भिंतींवर उडालेली चरबी पुढच्या वेळी जळते, तिचा असतो. बेकन झालं की ओव्हन कोमट असतानाच, प्लग काढून, ओल्या फडक्यावर खायचा सोडा घेऊन आतून पुसायचा. रॉडला हात लावायचा नाही. हे केलं की पुढच्या वेळी धूर निम्मासुद्धा होत नाही.

नौपाड्याची_सून
पुसण्यावरून आठवलं. आमच्याकडे याच ओटीजीत दिवाळीची नानकटाई होते. सासूबाई मासे-मटण खातात पण डुकराचं नाही, त्यामुळे ओव्हनमध्ये बेकन म्हटल्यावर त्यांनी स्पष्ट नाही सांगितलं. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं, ओव्हन घरातल्या सगळ्यांचा आहे. मग असं ठरलं की बेकनचा ट्रे आणि चिमटा वेगळा, त्यावर लाल रंगाची खूण, ठेवायची जागा गॅलरीतल्या कपाटात. जांभळी नाक्यावरून वेगळा ट्रे आणला. झाल्यावर ओव्हन मी स्वतः पुसते. श्रावणात आणि गणपतीत करत नाही. आता त्याच विचारतात, या रविवारी तुमचं ते नाही का.

ट्रेवर बटर पेपर घातला तर घासावा लागत नाही, पण धुराचं एक कारण तोच असतो का? माझा पेपर कडेने तपकिरी होतो.

नेरुळची_माई
नौपाड्याची_सून, किराणा दुकानात सुटा मिळणारा बटर पेपर नको. तो बऱ्याचदा मिठाई-सँडविच गुंडाळायचा असतो, कधी मेणाचाही असतो. मेण ओव्हनमध्ये वितळतं आणि धूर करतं. सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर घ्या, खोक्यावर किती डिग्रीपर्यंत चालतो ते छापलेलं असतं, बहुतेक २२० च्या आसपास. ट्रेच्या बाहेर येणारा भाग कापून टाका. सुटं टोक वर वळलं आणि रॉडला लागलं तर पेट घेईल. नाहीतर सरळ अ‍ॅल्युमिनियमचा फॉइल घाला, कडा वर दुमडून, म्हणजे चरबी आतच राहते.

खारघरवासी
आमच्याकडे ओटीजी नाही, कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह आहे. त्यात जमेल?

नेरुळची_माई
जमेल. फक्त कन्व्हेक्शनवर (नुसत्या गरम हवेवर) करा, मायक्रोवेव्हही सोबत चालतो त्या कॉम्बिनेशनवर नको. धातूचा ट्रे मायक्रोवेव्ह लहरींत ठिणग्या मारतो. कंपनीने दिलेल्या बुटक्या स्टँडवर ट्रे ठेवा. आत पंखा असतो म्हणून दहा-वीस डिग्री कमी लावलं तरी चालतं, आणि ट्रे फिरत असल्याने उलटसुलट करायची गरज नाही.

दिवा_जंक्शन
एअर फ्रायरमध्ये १८० वर आठ-दहा मिनिटं. पातळ पट्टी पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या कॉइलला चिकटते, म्हणून वर छोटी स्टीलची जाळी ठेवा. माणसं दोन असतील तर हेच बरं.

तलावपाळीचा_जो
हा धागा आता दिसला. आम्ही ठाण्यातले ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती, घरात डुक्कर पिढ्यान्‌पिढ्या शिजतंय, म्हणून चरबीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. सगळे बेकनच्या पट्ट्यांबद्दल विचारताय, ट्रेमध्ये उरलेल्या चरबीचं काय करता ते एकानेही सांगितलं नाही. कच्च्या बेकनच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्साच ताटात येतो. बाकीचं पाणी म्हणून उडतं आणि चरबी म्हणून ट्रेमध्ये राहतं. ती टाकायची नसते.

आमच्या आईचं सोरपोतेल असंच होतं. मांस आधी उकडून, बारीक चिरून, मग त्याच्याच चरबीत परतायचं, त्यानंतर मसाला आणि व्हिनेगर. बाहेरचं तेल ती जवळजवळ घालतच नसे. तीच रीत इथे वापरा. ट्रेमधली चरबी कोमट असताना बारीक गाळणीतून काचेच्या बरणीत गाळायची. गाळ राहिला तर लवकर खवट होते, म्हणून गाळणं महत्त्वाचं. बरणी फ्रीजमध्ये. बटाट्याच्या काचऱ्या एकदा या चरबीत करून बघा, चिमूटभर बॉटल मसाला (आमचा बाटलीत भरून ठेवायचा घरगुती मसाला) घालून. मीठ हात राखून, चरबी मुळातच खारट असते. अंड्याची भुर्जीही छान होते, ब्रुन पावाबरोबर.

बरणी नको असेल तर थिजू द्या आणि कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. सिंकमध्ये ओतू नका. गरम असताना ती पाण्यासारखी वाहते, पुढे पाइपात जाऊन थिजते. मग खालच्या मजल्याचं सिंक तुंबतं.

बिडाचा_तवा
जो, काचऱ्यांचं वाचून तोंडाला पाणी सुटलं. बिडाच्या तव्यावरच करणार मात्र.

तलावपाळीचा_जो
त्या तव्यावरच करायच्या असतात त्या.

वाघबीळकर
मंडळी, रविवार झाला. १८० वर प्रीहीट, खालून दुसरा खण, फॉइल, पट्ट्या एकमेकींवर न चढवता. दहाव्या मिनिटाला ट्रे फिरवला. माईंनी सांगितलेला बारीक फेस चौदाव्या मिनिटाला दिसला, काढलं. सगळ्या पट्ट्या सारख्या तांबूस झाल्या, एकही टोक काळं नाही. धूर जवळजवळ नव्हता, खिडकी बंदच होती. आदल्या दिवशी ओव्हन सोड्याने पुसला होता, त्याचाही उपयोग झाला.

एकच अडचण आहे. टेबलावर आणलं तेव्हा छान कुरकुरीत होतं, अर्ध्या तासात मऊ पडलं. बाहेर पाऊस चालू होता.

घंटाळी_रोड
पावसाळी हवा हो. पापडासारखंच सादळतं ते. एकावर एक रचून झाकण ठेवलंत तर आतल्या वाफेने आणखी लवकर. जाळीवर सुटं ठेवा. ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवलेलं असेल तर त्यातच राहू द्या, वाढायच्या वेळी काढा.

पामबीच_पराठा
घरी डुकराचं चालत नाही त्यांच्यासाठी विचारते. चिकन बेकन याच पद्धतीने होईल का?

नेरुळची_माई
पामबीच_पराठा, त्यात चरबी फार कमी असते, त्यामुळे ते स्वतःच्या चरबीत तळलं जात नाही, नुसतं वाळतं. दोन्ही बाजूंनी ब्रशने तेल लावा, १८० वरच ठेवा आणि आठव्या मिनिटापासून लक्ष ठेवा. कडा कुरकुरीत होतात, मधला भाग थोडा चिवट राहतो.

खारघरवासी
आणि पाकीट उघडल्यावर किती दिवस टिकतं? खारवलेलं आहे म्हणजे कच्चं खाल्लं तर चालतं का?

लॅबवाली
कच्चं नाही. खारवणं आणि धुरी देणं म्हणजे शिजवणं नव्हे, पूर्ण शिजवूनच खायचं. उघडलेलं पाकीट फ्रीजमध्ये हवाबंद डब्यात आठवडाभर. जास्त ठेवायचं असेल तर चार-पाच पट्ट्यांच्या घड्या बेकिंग पेपरमध्ये घालून फ्रीजरला टाका, म्हणजे लागतील तेवढ्याच निघतात. पण मिठामुळे चरबी फ्रीजरमध्येही हळूहळू खवट होत जाते, महिन्याभरात संपवा.

वाघबीळकर
जो, तुम्हाला शेवटचं विचारतो. कोल्ड स्टोअरवाल्याने अख्खा तुकडा देऊ केलाय, घरी जाड काप करता येतील. १८० वर जाड काप चालतील?

तलावपाळीचा_जो
चालतील, पण मी १७० लावेन आणि पंचवीस मिनिटं धरेन. जाड कापात आतली चरबी सुटायला वेळ लागतो, आच जास्त असली की बाहेरून रंग येतो आणि आत पांढरी चरबी तशीच रबरासारखी राहते. पंधराव्या मिनिटाला काप उलटा. तेव्हाच ट्रेमध्ये साचलेली चरबी बरणीत काढून घ्या, नाहीतर जाड कापांची चरबी इतकी सुटते की ट्रे काढताना काठावरून सांडते. तुकडा कापण्याआधी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, सुरी सरळ जाते. कातडी असेल तर त्याला सांगा सोलून द्यायला, घरच्या सुरीने तो भाग निघत नाही.